गोदूबायचा गुडघा

पनवेलच्या दवाखान्यातला फॉर्म इंग्रजीत, आणि गुडघा विचुंब्याच्या गोदूबायचा. नात हेतल पेन घेऊन बसलेली. शेजारच्या बाकावरची एक पेशंट, माधुरी, स्वतःचा नंबर विसरून ऐकत होती.

"आजी, किती दुखतं? माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर, एक्स्ट्रीम. कुठे टिक करू?"

"पयला काय गो?"

"माइल्ड म्हणजे थोडंसं."

"त्योच कर."

"म्हणजे परत गोळ्या देऊन घरी पाठवतील! मी एक्स्ट्रीम करते."

"तुला चा थंड झाला तरी एक्स्ट्रीम व्हतं. आनि डाक्टर माजा गुडगा कापंल ना!"

"मग एक्स्ट्रीम कशाला म्हणायचं?"

"तुजा बाप मिठागराच्या बांधावर झाला, तवा मी बोंबलली. आता मी बोंबलतंय का?"

"नाही. पण सकाळी जिना बसून उतरलीस. तोंडात पदर कोंबला होतास."

"तू बगितलंस?"

"रोज बघते, आजी."

गोदूबाय गुडघ्यावरून हात फिरवत राहिली.

"एक्स्ट्रीमच्या खाली काय हाय?"

"सिव्हिअर."

"त्याला कर. पन टिक बारीक कर."