हनोईत अडकलेला पुणेकर

ऐका तर खरं, माझा अजून विश्वास बसत नाहीये. आमच्या शेजारचे मेधा-सुहास व्हिएतनाम फिरून इथे न्यूझीलंडमधल्या अप्पर हटला परतले आणि बॅगा उघडायच्या आधीच मी त्यांच्या दारात हजर. म्हटलं, "हनोईत काय काय पाहिलंत?"

मेधा म्हणाली, "काकू, मी सगळं पाहिलं. यानं नुसता फुटपाथ पाहिला."

"म्हणजे?"

"टूरची बस रस्त्याच्या पलीकडे. मधे स्कूटरचा हा लोंढा! मी गेले चालत. हा खांबावर रस्ता ओलांडायच्या सिग्नलचं बटण शोधत उभा."

मी तर उडालेच. "अरे सुहास, लक्ष्मी रोडवर वाढलेला ना तू?"

"काकू, इथे दहा वर्षं आपण दिसलो की गाड्या थांबतात. तिथे कुणी थांबेचना!"

मेधा म्हणाली, "ड्रायव्हरनं बस सुरू केली. शेवटी एका फळवाल्या आजीबाईंनी याचा हात धरला आणि पलीकडे आणून सोडलं. वर विचारलं, कुठला रे तू?"

मी घाबरतच विचारलं, "मग काय सांगितलंस?"

सुहासनं मान खाली घातली. "न्यूझीलंड म्हणालो, काकू. पुण्याची अब्रू कशाला घालवायची?"