तिसाव्याचं शेवटचं प्रकरण

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. आईच्या मांडीवर उघडं पुस्तक होतं.

“आई, मीट ते. डोळ्यांत थेंब घातलेत, अक्षर तरी दिसतंय का?”

“नाही दिसत. पण शेवटचं प्रकरण राहिलंय.”

“ऑपरेशननंतर वाच.”

“नंतर महिनाभर वाचायला बंदी आहे. तोवर वर्ष संपेल. यंदा तीस पुस्तकं वाचणार असं घरच्या ग्रुपवर मीच जाहीर केलंय, आणि हे तिसावं.”

“मग टाक तीस झाली म्हणून. कोण तपासायला येतंय?”

“तुझा मामा तेच करतो. चार पानं चाळतो आणि मुखपृष्ठाचा फोटो टाकतो. मला नाही जमायचं.”

“आण इकडे. मी वाचते, तू ऐक.”

“वाच. पण मधलं काही गाळू नकोस, मला कळतं.”

मुलगी हळू आवाजात वाचू लागली. पाच-सहा पानं झाली असतील, तेवढ्यात नर्सनं दार उघडून आईचं नाव पुकारलं. आई उठायला लागली.

“बस गं,” मुलगी पानावरची नजर न काढता म्हणाली. “सिस्टर, पुढच्या पेशंटला घ्या. आमचं थोडंच राहिलंय.”

पुढचा नंबर माझा होता.

“माझ्याही पुढच्यांना घ्या,” मी म्हटलं.