पट्टीवरचा शेक

— डबल डोस म्हणे! त्या तुमच्या कंपाउंडरला फोनवरच सांगितलं मी, जादा काही लावलेलं नाही. अडाणी असेन, बैलबुद्धीचा नाही! डॉक्टरीणबाई, तुम्हीच बघा, एकच पट्टी आहे ना? काल खांद्यावरचे केस काढून त्यानंच चिकटवली. म्हणाला, दुखणं मारायचं जालीम औषध आहे, कातडीतून थोडं थोडं झिरपतं, तीन दिवस पट्टीला बोट लावू नका. नाही लावलं. मग कुत्री अशी का पडलीय? ठमे, ए ठमे — बघा, शेपूटसुद्धा हलत नाही. हिरड्या राखेसारख्या. छातीला हात लावा, ठोका किती सावकाश पडतोय. आणि श्वास — शेळ्या राखणारा माणूस मी, बरगडीवर नजर ठेवून मोजतो — येताना मिनिटाला चार भरले. चार!

काल कण्हत होती हो नुसती. पुढचा पाय मोडलाय, कण्हणारच. कसा म्हणजे? मोडला. ट्रॉली मागं घेताना — कोण चालवत होतं ते कशाला हवंय? मीच. मागच्या चाकापाशी झोपायची सवय तिला, ठाऊक आहे मला, पण एका शेळीवर डोकं फिरलेलं, शिव्या देत देत गाडी मागं घेतली — जाऊ द्या. ते कण्हणं ऐकवेना, म्हणून सकाळी शेक दिला. वीट तापवली, फडक्यात गुंडाळली. पायाला प्लास्टर, म्हणून वर खांद्यावर ठेवली. आमच्यात काही दुखलं की पहिला शेक. आणि बाई, काय गुण आला! कण्हणं बंद, डोळे मिटले. म्हटलं, लागला बिचारीचा डोळा. म्हणून वीट परत तापवली.

अशा का बघताय? ही घ्या त्याची चिठ्ठी, खिशातच आहे. मला कुठं वाचता येतं! वाचा मोठ्यानं, कळू दे चूक कुणाची ते. वाचा की!

...काय? परत वाचा.

शेकू नका, असं लिहिलंय? ऊब लागली की सगळं औषध एकदम अंगात —

आणि मी शेजारी बसून तिला थोपटत होतो हो. झोप म्हणत होतो.

त्याला काही बोलू नका, त्या पोरा— त्या कंपाउंडरला. याच्यावर उतारा असेल ना तुमच्याकडे? मग सुई भरा. माझं रडणं काय बघताय — काढा आधी ती पट्टी!