मनीची दाढ

हसू नका, पण मी एकदा मासेवाल्या मावशींविरुद्ध मांजराची साक्ष काढली होती. या मावशी गोराईहून आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत दारावर मासे घेऊन येतात. आमची मनी त्यांची मांदेली तोंडात घ्यायची आणि लगेच टाकून द्यायची. मी मावशींना म्हणालो, "शिळे मासे देताय. मांजरसुद्धा खात नाही."

मावशींनी पाटी खाली ठेवली, मनीला मांडीवर घेतलं आणि तिचा ओठ वर केला. आत हिरडी लालभडक.

"मासा ताजा हाय. दाढ सडलीय तिची. भूक लागते म्हणून घेते, दुखतं म्हणून टाकते."

प्राण्यांच्या डॉक्टरांनी भूल देऊन दाढ काढली. आठवड्याभरात मनी ताटली चाटूनपुसून साफ करायला लागली.

मग एके दिवशी जेवताना आई पोळी आमटीत बुडवून बसली होती. कित्येक महिने मी त्याला नखरे म्हणत होतो. घास माझ्या हातातच राहिला.

"आई, तोंड उघड बघू."

"कशाला?" आई म्हणाली. "मावशींनी मागच्याच महिन्यात बघितलंय."