चाळीस मेंढ्यांतल्या पंचावन्न

— नाही, गुणांविषयी माझी तक्रारच नाही. गुणपत्रिका चौकटीत लावण्याजोगी आहे. मी विषयाचं विचारतो आहे. समोर संख्याशास्त्र होतं, अर्थशास्त्र होतं, आणि मंजुषाबाई, तुम्ही तीन वर्षं घेतलं काय — तर लोकसाहित्य. जात्यावरच्या ओव्या. आणि आता उमरग्यात मेंढ्यांच्या विम्याच्या कचेरीत सर्वेक्षकाची जागा मागायची. इथं दळण नसतं, बाई. माझ्या हाताखालची दोन्ही सर्वेक्षक पोरं संख्याशास्त्राची — मी स्वतः त्यातलाच, म्हणून पारखून घेतलेली. धनगराला विचारायचं, मेंढरं किती. तो सांगेल ते लिहायचं. त्याला ओव्या कशाला — हसलात का?

बरं, चुकलं एकदा. चौदा अर्जांत चुकलं. साथ आली आणि चाळीस मेंढ्यांच्या कळपातल्या पंचावन्न मेल्या. असलं गणित तुमच्या गाण्यांत खपतं, विम्यात नाही. मी शेरा मारला — ‘लबाडी’ — आणि चौदाही अर्ज बाद. — काय म्हणता? जित्या जनावरांची पुरी मोजदाद तोंडानं सांगत नाहीत, कमीच सांगतात, दृष्ट लागते; मेलेली तेवढी खरी मोजतात? हे शिकायला तीन वर्षं लागली? मला एक थप्पड पुरली. कोकरांकडं बोट करून एक-दोन म्हणालो की आमची आई, हरणाबाई, हातावर द्यायची — ‘मुडद्या, मोजतो व्हय लेकरं?’ — आता यावरून मला ठाऊक होतं, असा अर्थ काढू नका. म्हणजे, ठाऊक होतं. पण पदवीधर माणसानं कंपनीच्या कागदावर कारण म्हणून दृष्ट लिहायची? आणि लिहिलं असतं तर म्हणाले असते, साहेब भावाची बाजू घेतात. — व्हय, पंचावन्नवाला बिराप्पा माझा सख्खा थोरला भाऊ. दावणीला एक शेळी उरलीय त्याच्या.

फेरविचाराची मुदत उद्या संपते. तर असं करा — हे जे आत्ता बोललात, ते अभ्यासक म्हणून लिहा, खाली तुमची सही करा. ओव्यांचा एवढा तरी उपयोग होऊ द्या. जागा तुमची, उद्यापासून या. — माझी सही का नको? मुलाखत तुम्ही द्यायला आलात की घ्यायला? सहीत आडनाव येतं, बाई. अर्जावरही तेच आडनाव आहे. — काय म्हणालात? लबाड म्हणताना ते चाललं, आता —

कागद उचला तुमचे. या तुम्ही. — रणधीर, बाहेर कोण आहे? आधी विषय विचार, मगच आत सोड.