वाकळा धुवायच्या दिवशी

मी कोगनोळीच्या अलीकडल्या वाडीवरचा, तुकाप्पा म्हंत्यात मला. जलम खाणीच्या कडंलाच गेला म्हटलं तरी चालंल. आमचा बा खडीच्या खाणीत घण मारायचा, मीबी मिसरूड फुटायच्या आधी तिथंच लागलो, आधी पाट्या उचलाय, मग सुरुंगाची भोकं पाडाय, मग मशीनवर. ज्या हायवेनं तुम्ही आलासा न्हवं, त्येच्या बुडात आमच्या हातची खडी हाय बगा. आई मी रांगत हुतो तवाच गेली. मला वाढवलं आक्कानं, माझ्या थोरल्या भनीनं. तिला गावातल्या गावातच दिली, म्हणून मीबी तिच्या मागनं तिच्या सासरी. सासू बोलायची, ह्यो काय आंदण आणलाईस गं, आन् आक्का आपल्या ताटातली भाकरी माझ्याकडं सरकवायची.

मग खाण बंद पडली. खाली पाणी लागलं, मालकानं मशीन उचललं आन् गेला. ऱ्हायलं काय, तर दोन भली मोठी भगदाडं. सुरुंगानं गावच्या हिरी आटल्यात्या आन् पाणी सगळं त्या खड्ड्यात. मग गावानं करायचं काय, म्हशी तिथंच, धुणं तिथंच. आमच्याकडं घट बसायच्या आधी घरातली चिंधी न् चिंधी धुवावी लागती, चादरी म्हणू नका, वाकळा म्हणू नका, तवा तर खाणीवर नुसती जत्रा. आन् वाकळ भिजली की दोघींनी दोन टोकं धरून पिळावी लागती, एकटीचं काम न्हवं ते.

मागनं बेळगावच्या एका वकीलसाहेबांनी ती जागा घेतली. वाटलं, आता प्लॉट पाडणार. पर त्येनी येगळंच काढलं. उभ्या कडा पोकलॅननं उतरत्या केल्या, वर काळी माती पसरली, करंज, जांभळी, उंबरं लावली, एका तळ्यात मधोमध बेट सोडलं पाखरांसाठी. गाव हसलं, मीबी हसलो. राखणीला मलाच ठेवला, म्हणाले, तुकाप्पा, ह्या खाणीची खडान्खडा म्हायती तुम्हाला. आन् खोटं कशाला बोलू, आली की पाखरं! त्यातली ती बदकं, चोचीचा शेंडा पिवळा आन् चोचीच्या बुडाशी तांबडं ठिपकं, साहेब त्येला हळदी-कुंकू बदक म्हंत्यात. जिथं मी सुरुंग उडवला तिथं ती पिल्ली घिऊन हिंडत्यात. लई माया बसली माझी.

साहेब माणूस वाईट न्हाय. त्येनी एवढंच सांगितलं, साबणाचं पाणी तळ्यात जायला नको, म्हशी नकोत, धुणं नको. तार मारली, मला शिट्टी दिली, खाकी शर्ट दिला. खाकी अंगावर आली की माणसाचं काय हुतंय कुणास ठाव, चालच बदलली माझी.

औंदा घट बसायच्या आधीचा रविवार. साहेबांच्या संगं धारवाडकडचं पाव्हणं आलतं, गळ्यात ही एवढी कॅमेरं. आन् तिकडनं तार वाकवून चार बायका आत शिरल्या, डोस्क्यावर गठुळी. तळ्यात उतरल्याबी. लांबनंच वळखली मी. आक्का. आन् मी शिट्टी मारली. काय सांगू तुम्हाला, जिनं आईगत वाढवलं तिच्यावर शिट्टी, जनावर हाकलल्यागत. बदकं भुर्रकन उडाली. बाकीच्या तिघी शिव्या देतच वर चढल्या, मुडद्या, तुझ्या बाचं तळं हाय काय. आक्का भिजलेली वाकळ वडत वडत कडंला आणाय लागलीती, एकटीच. तेवढ्यात एक पाव्हणा मला कानडीत म्हणाला, यार अवरु? कोण त्या?

मी म्हटलं, गोत्तिल्ल. ठाव न्हाय.

कानडीत म्हटलं. जसं काय कानडीत म्हटलं की आक्काला कळणारच न्हाय. आवो, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कानडी बायकांसंगं जलम काढलाय तिनं, माझ्यापरीस सफाईनं बोलती. तिनं एकडाव मान वर करून माझ्याकडं बगितलं. मग ती वाकळ एकटीनंच पिळली, कशी पिळली तिची तिला ठाव, आन् पाणी गळत तशीच डोस्क्यावर घिऊन गेली. मी शिट्टी हातात धरून हुबा. चार पावलं जाऊन दुसरं टोक धरायचं, तेवढंबी झालं न्हाय माझ्यानं.

घरी आलो तर बायको म्हणाली, आवो, माझं मनगाट दुखतंय म्हणून आपली वाकळ आक्का घिऊन गेल्यात धुवायला. मेल्याहून मेल्यागत झालं बगा.

दसऱ्याला सोनं द्यायला जावं का न्हाय, ह्यातच सांज झाली. गेलो शेवटी. सोप्यात तिच्या सुनंच्या म्हायारची माणसं बसलीती, संकेश्वराकडची, कानडी. मी आक्काच्या हातात सोनं दिलं, पायावर डोस्कं ठेवलं, आन् त्येंच्यातल्या म्हातारीनं इचारलं, यार इवरु? ह्यो कोण?

आक्का म्हणाली, नम्म तम्मा. आमचा धाकटा भाऊ.

मग मला म्हणाली, सोन्यासारखा ऱ्हा. वाकळ वाळलीया, जाताना घिऊन जा. आन् ती पाखरं आली का रं माघारी?

चार शिव्या घातल्या आसत्या तर सुटलो आसतो मी. आली म्हटलं, आन् खाली मान घालून बसलो.

नोकरी हाय अजून. साहेबांच्या मागं लागलोय, तारंच्या भाईर पायपानं पाणी काढून द्या, बायकांस्नी धुण्याला दगडं टाकून द्या. बगू म्हणालेत. पर तेबी मी गावातल्या बायका म्हणूनच मागितलं. आक्काचं नाव अजून तोंडातनं निघालं न्हाय त्येंच्यासमोर, कितींदा वटापर्यंत आलं आन् गिळलं. लाज कशाची वाटती, तिची का माझी, तेबी कळंना झालंय. घरात ती वाकळ घडीवर घडी तशीच हाय, बायको म्हणती पांघरा की, पर मला न्हाय पांघरवत.

तुम्ही लिवून घेताय न्हवं, मग एवढं लिवा. साहेब वाचत्यात म्हणं पुस्तकं. लिवा की त्या दिवशी तळ्यावर वाकळ घिऊन आलती, ती माझी सख्खी थोरली भन हाय. वळखतो मी तिला.