उतारावर रुसणारा ब्रेक

...आणि वर म्हणतात ब्रेकच खराब! अहो, खराब असता तर मिस्त्रीकडेही खराबच राहिला असता ना? पण तुम्हाला सांगतो, मिस्त्रीच्या दारात गाडी गरीब गाय!

आमच्या उखर्डू नानांची मोटार हो. केळीच्या बागेत जन्म गेलेला माणूस, पण शेहेचाळीस साली एका गोऱ्या साहेबाची जुनी मोटार घेऊन बसला. कशाला? तर लेकीच्या लग्नात धरणगावचा नवरदेव बोदवड स्टेशनापासून मांडवापर्यंत मोटारीतून आणायचा! व्याह्यांना शब्दच दिला. आता स्टेशन आणि गावाच्या मधे टेकडी. चढायला गाडी झकास, पण उताराला लागली की ब्रेक एकदा लागायचा आणि दुसऱ्यांदा दाबावा तर पाय जणू दगडावर! मग गाडी थांबायची कुठे? गावाकडल्या पायथ्याशी, पुना शेतकऱ्याच्या कडब्याच्या गंजीत. एकदा नव्हे, तीनदा!

सुगंधाबाईंनी म्हणजे नानांच्या कारभारणीनं लिंबू-मिरची बांधली. मेहुणे तोताराम म्हणाले, आधीच्या साहेबाची हाय लागली. नाना दर वेळी बैल जुंपून मोटार टेकडीपलीकडे लीलाधर मिस्त्रीच्या दुकानी न्यायचे. तो बिचारा इंजिन चालू करायचा, पाय ठेवायचा... लोण्यासारखा ब्रेक! तेल बदललं, चाकांतले पट्टे बदलले, इंजिनापासून ब्रेकच्या डब्याला जाणारी रबरी नळी बदलली. काही निघेना. मिस्त्रीच्या दारात गाडी गरीब गाय!

लग्न चार दिवसांवर आलं. सुगंधाबाईंनी शांतपणे विचारलं, "जावई काय कडब्यात उतरवता का?" नानांनी पुन्हा बैल जुंपून मोटार मिस्त्रीकडे नेली. आता व्याह्यांना तोंड काय दाखवणार? शेवटी लीलाधरच मोटारीत नानांच्या शेजारी येऊन बसला. चढ संपला, माथा आला आणि नानांनी काय केलं? किल्ली फिरवून इंजिन बंद! वर गाडीच्या पाठीवरून हात फिरवला, हो, बैलाच्या फिरवतात तस्सा!

लीलाधर कडब्यातूनच बोलला, "नाना, इंजिन काहून बंद केलं?"

"एवढा चढ चढली ना बाप्पा. मुक्या जिवाले दम नको का घेऊ द्यायले?"

आता घ्या! लीलाधरनं कपाळाला हात लावला आणि कपड्यांवरचा कडबा झाडत समजावलं, की ब्रेकला जोर देणारा तो डबा इंजिनाच्या ओढीवर चालतो, इंजिन निजलं की डबाही निजला, मग उरतो नुसता तुमचा पाय. शपथ घ्या, इंजिन बंद करणार नाही. नानांनी थोरल्या बैलाची शपथ घेतली.

आणि पाळली बरं का! लग्नाच्या दिवशी नवरदेव काय दिमाखात आला, मोटार मांडवापुढे फुलासारखी थांबली, व्याही खूश, नानांच्या डोळ्यांत पाणी. पण इंजिन? चालूच! मंगलाष्टकं झाली, पंगती उठल्या, मोटार आपली मांडवाबाहेर धडधडतेय! कोणी बंद करायला गेलं, की नाना आडवे. शपथ होती ना! संध्याकाळी वरात निघायची तेव्हा रेशनचं महिन्याचं पेट्रोल संपलेलं.

मग काय, जुंपले बैल. आत नवरा-नवरी, बाजूनं वाजंत्री. टेकडीच्या माथ्यावर नानांनी वरात थांबवली आणि बैल सोडले. हो हो, सोडले! "चढ चढले बिचारे. मुक्या जिवाले दम घेऊ द्या."

जावई शहाणा. त्यानं गुपचूप बायकोचा हात धरला आणि दोघं खाली उतरले. मोटार जराशी हलली... आणि निघाली की एकटीच! वाजंत्री मागे, नाना मागे, बैल तेवढे उभ्या जागी रवंथ करतायत. सगळ्यांच्या आधी मोटार पायथ्याला पोचली आणि लीलाधरच्या दुकानापुढच्या जुन्या टायरांच्या ढिगात जाऊन अलगद टेकली.

आता काय सांगायचं? आठ महिने झाले, अजून तिथंच आहे. मिस्त्रीच्या दारात... गरीब गाय!